बसऱ्याची कुदळ

महायुद्धाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तोफा, रणगाडे, विमाने आणि बोटी उभ्या राहतात. कुदळ, फावडे, पहार आणि कुऱ्हाड यांची आठवण सहसा कुणाला होत नाही. वास्तविक पायदळातील शिपायाने जितका वेळ बंदूक चालवली, त्याच्या कितीतरी पट वेळ त्याने माती उपसली आहे. परंतु बंदुका संग्रहालयाच्या कपाटात जातात आणि अवजारे भंगारात जातात. आम्ही या विषयाकडे वळलो ते विद्वत्तेच्या हौसेने नव्हे, तर आमच्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे. ती चूक आधी सांगितली पाहिजे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. दीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते आणि आम्ही एका जुन्या धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. महोत्सवानिमित्त गावातील जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरवावे असे ठरले. घरोघरी फिरून आम्ही तांब्याचे हंडे, जाती, लुगडी, जुनी प्रार्थनापुस्तके गोळा केली. तेव्हा ऐंशीच्या घरातील एक गृहस्थ गोणपाटात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आले. एका टोकाला अणकुचीदार आणि दुसऱ्या टोकाला चपटे पाते असलेले ते अवजार होते. अशा दुतोंडी कुदळीला आपल्याकडे टिकाव म्हणतात. त्यांच्या घरात मात्र तिला ‘बसऱ्याची कुदळ’ असेच नाव होते. पहिल्या महायुद्धात त्यांचे वडील मजूर म्हणून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले होते आणि परतताना साहेबाने त्यांना ती बक्षीस दिली होती, अशी घरची हकीकत होती. शेजारीपाजारी ती हकीकत ऐकून हसत. भंगारवाल्याकडून आणली असेल, असे कोणी म्हणे. सरकारी माल उचलून आणला असेल, असेही कोणी म्हणे.

कुदळीवर जाड, तांबूस-काळा गंज होता. प्रदर्शनात ठेवायची वस्तू नीटनेटकी हवी, म्हणून आम्ही ती जवळच्या एका वर्कशॉपमध्ये पाठवली. दोन दिवसांनी ती परत आली तेव्हा ओळखू येईना. ग्राइंडर लावून ती आरशासारखी गुळगुळीत केली होती. त्यावर आम्ही स्वतः हिरवा ऑइलपेंट दिला, दोन हात. लष्करी वस्तू म्हणून हिरवा रंग, एवढाच आमचा विचार. प्रदर्शनाच्या दिवशी ते गृहस्थ आले. त्यांनी कुदळ हातात घेतली, दांड्याच्या भोकाशेजारी अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला आणि विचारले, “फादर, इथली खूण कुठं गेली?”

कसली खूण, हे आम्हांला ठाऊक नव्हते. बाणासारखे काहीतरी होते, एवढेच ते सांगू शकले. एक होता की दोन होते, हे त्यांनाही आठवेना. लहानपणापासून बोटाने चाचपलेली खूण. ती कधी मोजावी असे त्यांना वाटलेच नव्हते. त्या खुणेचा अर्थ काय होता, हे आम्हांला पुढे अनेक वर्षांनी वाचनातून कळले. तो कळला तेव्हा आपण काय पुसून टाकले आहे, याची जाणीव झाली.

खणणारे सैन्य

सैनिकाच्या हातातील कुदळीचा इतिहास प्राचीन आहे. रोमन सैन्याचा दरारा त्याच्या तलवारीइतकाच त्याच्या ‘डोलाब्रा’ नावाच्या अवजारावर उभा होता. डोलाब्रा म्हणजे एका बाजूस कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूस कुदळ. शत्रूच्या मुलखात दिवसभराची चाल संपली की रोमन सैनिक छावणीभोवती चर खणत, निघालेल्या मातीचा बांध घालत आणि मगच विसावत. पहिल्या शतकातील सेनापती कोर्बुलो हा, शत्रूला डोलाब्राने जिंकावे, असे म्हणत असे. फ्राँटिनस या रोमन लेखकाने ही आठवण नोंदवून ठेवली आहे. यहुदी इतिहासकार जोसेफस याने रोमन शिपायाच्या पाठीवरील ओझ्याची यादीच दिली आहे. तीत करवत, टोपली, कुदळ, कुऱ्हाड, चामड्याचा पट्टा, विळा, साखळी आणि तीन दिवसांची शिधासामग्री आहे. शिपाई आणि ओझ्याचे खेचर यांत फारसा फरक उरत नाही, असे तोही म्हणतो.

या अवजारांनी काय घडू शकते हे जेरुसलेमने पाहिले. इ. स. ७० मध्ये तीतसच्या सैन्याने त्या नगराला वेढा घातला, तेव्हा सुमारे सात किलोमीटर लांबीचा कोट नगराभोवती अवघ्या तीन दिवसांत उभारला, असे जोसेफस सांगतो. त्यानंतर आतली उपासमार अधिकच तीव्र झाली. प्रभू येशूने जेरुसलेमकडे पाहून अश्रू ढाळले आणि शत्रू तुझ्याभोवती मेढेकोट उभारतील असे भाकीत केले, ते लूकच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. तो मेढेकोट याच कुदळींनी उभा राहिला.

पुढे अनेक शतके खणण्याचे काम मुख्यत्वे खास पथकांकडे होते. एकोणिसाव्या शतकात बंदुका दूरवर आणि भराभर मारा करू लागल्या, तेव्हा उघड्यावर उभ्या असलेल्या साध्या शिपायालाही जमिनीत शिरण्यावाचून गत्यंतर उरले नाही. डेन्मार्कच्या सैन्यातील लिनेमन नावाच्या अधिकाऱ्याने १८६९ मध्ये प्रत्येक शिपायाच्या कमरेला अडकवता येईल असा आखूड दांड्याचा बेलचा तयार केला. आपले फावडे आपल्याकडे वळलेले असते. बेलचाचे पाते दांड्याच्या रेषेत सरळ असते, हे वाचकांना ठाऊकच आहे. डेन्मार्कपाठोपाठ जर्मनी, ऑस्ट्रिया, रशिया या देशांनी तो उचलला. १८७७ मध्ये प्लेव्हना येथे तुर्कांनी मातीचे कोट आणि चर यांच्या आधारे रशियाच्या मोठ्या सैन्याला सुमारे पाच महिने थोपवून धरले, तेव्हा शहाण्या सेनापतींना बेलचाची किंमत नव्याने कळली. ब्रिटिशांनी १९०८ च्या सामग्रीत प्रत्येक शिपायाला दोन भागांचे अवजार दिले. एका बाजूस पाते व दुसऱ्या बाजूस टोक असलेला पोलादी भाग कापडी पिशवीत आणि लाकडी दांडा संगिनीच्या म्यानाबरोबर बांधलेला, अशी त्याची रचना होती. कूच करताना ते निरुपयोगी ओझे वाटे. गोळी सुटली की तेच प्रथम हाती येई.

कूतचे चर

पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्य सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरले. त्यात खडकीच्या छावणीतून गेलेल्या सॅपर्स अँड मायनर्सच्या कंपन्या होत्या. सॅपर म्हणजे खणणारा, पूल बांधणारा, सुरुंग लावणारा शिपाई. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेल या गावावर चढाई करण्यासाठी माणसे अपुरी पडली, तेव्हा विसाव्या आणि एकविसाव्या कंपनीतील या सॅपरांना शीख पलटणीबरोबर पायदळासारखे पुढे धाडण्यात आले. गावात ते शिरले, घरोघर लढले, पण त्यांचे जवळजवळ सर्व अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. ज्यांचे कौशल्य तयार करण्यास वर्षे लागली होती, अशी माणसे एका दुपारी खर्ची पडली.

मराठी माणसाच्या आठवणीत मात्र फ्रान्सपेक्षा बसरा अधिक रुजला. मेसोपोटेमियात प्रथम गेलेली सहावी डिव्हिजन ही ‘पूना डिव्हिजन’ होती आणि १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तीत होत्या. बगदादच्या वाटेवर टेसिफोन येथे माघार घ्यावी लागल्यावर हे सैन्य डिसेंबर १९१५ च्या प्रारंभी कूत या गावी पोहोचले. कूत हे टायग्रिस नदीच्या वळणात वसलेले. तीन बाजूंना पाणी, एका बाजूस जमीन. थकल्याभागल्या शिपायांनी त्या उघड्या बाजूवर दिवसरात्र चर खणले. ७ डिसेंबरला वेढा पडला. जानेवारीत नदीला पूर आला आणि चरांत पाणी शिरले, तेव्हा त्याच अवजारांनी बांध घालण्याची पाळी आली. सैन्य अर्ध्या उपाशी पोटी १४७ दिवस टिकले. २९ एप्रिल १९१६ रोजी त्याने शरणागती पत्करली आणि सुमारे तेरा हजार माणसे कैदेत गेली. त्यांतील बरीच माणसे वाळवंटातील पायपिटीत आणि कैदेत दगावली.

कूत पडल्यानंतर मेसोपोटेमियातील मोहीम नव्याने उभी करण्यात आली. बसऱ्याला धक्के, रस्ते आणि लोहमार्ग हवे होते. त्यासाठी हिंदुस्थानातून मजुरांच्या तुकड्या मोठ्या संख्येने पाठवण्यात आल्या. त्यांच्या हाती बंदूक नव्हती, कुदळ व फावडे होते. म्हणून शौर्याच्या कथांत त्यांना जागा मिळाली नाही. आमच्या गृहस्थांचे वडील गेले असतील तर या माणसांतून.

दुसऱ्या महायुद्धात खणण्याच्या कामास आणखी एक जीवघेणे काम जोडले गेले. मातीत पुरलेले सुरुंग शोधून काढायचे होते. १९४१ च्या प्रारंभी खडकीच्या सॅपर्सबरोबर असलेले सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी सुदान व ॲबिसिनियाच्या सीमेवर चार दिवसांत ५५ मैलांच्या रस्त्यावरील १५ सुरुंगक्षेत्रे मोकळी केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ब्रिटिशांच्या खणण्याच्या अवजाराचा दांडाही पुढे असा करण्यात आला की त्याच्या टोकाला संगीन बसवून माती हलके टोचत सुरुंग चाचपता यावा. १९०८ चे तेच अवजार आता जीव घेणारी वस्तू शोधण्याच्या कामी आले.

बाणाची खूण

आता त्या खुणेकडे वळू. ब्रिटिश सरकारी मालावर निदान सतराव्या शतकापासून एक बाण उमटवला जात असे. तीन रेघांचा साधा बाण, कावळ्याच्या पायासारखा दिसणारा. तोफेपासून तंबूच्या खुंटीपर्यंत सर्व वस्तूंवर तो असे. कॅनडाच्या मालावर तो ‘सी’ अक्षराच्या पोटात असे, हिंदुस्थानच्या मालावर बाणाबरोबर ‘आय’ हे अक्षर असे. शेजारी बहुधा कारखान्याचे नाव आणि वर्ष. लपवण्याच्या हेतूने ही खूण खोडणे हा इंग्लंडमध्ये १८७५ च्या कायद्याने गुन्हा ठरवण्यात आला होता.

मात्र सरकारने एखादी वस्तू रीतसर विकली, तर तिच्यावर दुसरा बाण उलटा उमटवत. दोन बाणांची टोके एकमेकांस भिडलेली, अशी ती खूण. ही वस्तू सैन्याच्या सेवेतून मुक्त झाली, आता ती ज्याच्याजवळ आहे त्याची, असा तिचा अर्थ.

वाचकांच्या ध्यानात आले असेल. कुदळीवर समोरासमोर दोन बाण असते, तर ती रीतसर बाहेर आलेली वस्तू होती आणि चोरीचा आरोप तरी मिटला असता. एकच बाण असता आणि जवळ १९१६ किंवा १९१७ असे वर्ष असते, तर ती त्या युद्धाच्या काळातली आहे, एवढे तरी सिद्ध झाले असते. १९४२ असते, तर घरची हकीकत चुकीची ठरली असती. काहीही निघाले असते, तरी खरे काय ते कळले असते. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी कागद जपून ठेवलेला नव्हता. एवढा एकच लेख त्यांच्याजवळ होता, पोलादावर लिहिलेला, आणि तो आम्ही घासून टाकला.

रंगाचीही साक्ष असते. कोठारात आणि बोटीच्या प्रवासात लोखंड गंजू नये म्हणून लष्करी अवजारे रंगवली जात. पात्यावरचा रंग पहिल्याच दिवशीच्या खणण्यात निघून जाई. तो उरे दांड्याच्या भोकाशी आणि खाचाखोचांत. दुसऱ्या महायुद्धात गाड्यांबरोबर त्यांना अडकवलेली फावडी-कुऱ्हाडीही गाडीच्याच रंगाने रंगवली जात. ब्रिटनमध्ये हिरव्या रंगास लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडचा तुटवडा पडला, तेव्हा १९४२ च्या सुमारास गाड्या तपकिरी झाल्या. १९४४ पासून त्या पुन्हा हिरवट करण्यात आल्या. त्यामुळे एकाखाली एक असलेले रंगाचे थर जाणकाराला पंचांगासारखे वाचता येतात. आम्ही दिलेला चकचकीत हिरवा रंग यांपैकी कोणत्याच काळातला नव्हता. धार झिजलेल्या पात्यावर कडेपर्यंत तो फासल्यामुळे, ज्या कुदळीने जन्मभर माती खणली ती जणू कधी जमिनीला लागलीच नाही, असे दिसू लागले.

राखण्याची रीत

या चुकीनंतर आम्ही जाणकारांना विचारत आणि वाचत जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो. कारण अशी अवजारे अजूनही आपल्या माळ्यांवर आणि गोठ्यांत पडलेली आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे घाई करू नये. वस्तू जशी आहे तशी तिची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. अंधाऱ्या खोलीत बॅटरी आडवी धरली की पुसट अक्षरांच्या सावल्या पडतात आणि ती वाचता येतात. लहान मुले नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, तसा खुणेचा ठसा घ्यावा. त्यानंतरच साबणाचे पाणी व मऊ ब्रश यांनी माती काढावी आणि वस्तू लगेच पूर्ण कोरडी करावी.

दुसरी गोष्ट, सगळाच गंज शत्रू नव्हे. नारिंगी, भुरभुरणारा गंज लोखंड खात असतो. तो काढलाच पाहिजे. घट्ट बसलेला काळसर थर मात्र बहुतेक वेळा स्थिर असतो. रॉकेलमध्ये भिजवून, मऊ तारेने किंवा लाकडी काडीने जेवढे निघेल तेवढेच काढावे. आपल्या घरच्या शिरक्यातही गंज विरघळतो. पण वस्तू त्यात विसरून राहिली तर चांगले लोखंडही खाल्ले जाते. शिरक्यातून काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंज काढण्याची एक रीतही आहे. तीत जुना रंगही सुटतो, म्हणून रंग राखायचा असेल तर ती वापरू नये. शिवाय तीत ज्वालाग्राही वायू निघतो. माहितगाराशिवाय तो प्रयोग करू नये.

टॅनिनचा उपयोग ऐकून आम्हांला नवल वाटले. उरलेल्या गंजावर टॅनिक आम्लाचा हात दिला की त्याचा निळसर काळा, टिकाऊ थर बनतो. जगभरच्या संग्रहालयांत ही रीत आहे. आपल्या सह्याद्रीतील हिरड्यात हेच टॅनिन भरपूर असते. हिरडा आणि लोखंड यांच्यापासून आपले पूर्वज शाई करीत, त्यामागील रसायन हेच.

जुन्या रंगाबाबत एक इशारा. पूर्वी लोखंडाला पहिला हात शिशाच्या तांबड्या रंगाचा देत. हे आपल्याकडे शेंदूर म्हणून चालत आलेले द्रव्यच. गंजाला ते उत्तम अडवते, पण शिसे विषारी आहे. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, जाळूनही काढू नये, आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.

दांडा जुना असेल तर तो शक्यतो बदलू नये. त्याला जवसाचे तेल बोळ्याने पातळ चोळावे. तेलाचे बोळे चुरगळून टाकू नयेत. ते आपोआप तापून पेट घेतात. ते उघड्यावर पसरून वाळवावेत. दांडा मोडलाच असेल तर बाभळीचा नवा बसवावा, पण जुना फेकू नये, आणि नवा तो नवा आहे हे लपवू नये. १९६४ मध्ये व्हेनिस येथे जमलेल्या वास्तुतज्ज्ञांनी जुन्या इमारतींसाठी जी सनद तयार केली, तिचेही सार असेच आहे: नवा भाग ओळखू यावा, आणि जिथे केवळ तर्क सुरू होतो तिथे हात थांबवावा.

रंगाशी आमचे वैर नाही. उन्हापावसात उभ्या असलेल्या वस्तूला रंग लागतोच, आणि रोज राबणाऱ्या कुदळीला कुणी हिरड्याचे पाणी लावत बसणार नाही. प्रश्न एवढाच की रंग वस्तू टिकावी म्हणून द्यायचा, की ती आपल्याला शोभावी म्हणून. आपल्या काही जुन्या ख्रिस्तमंदिरांत सोन्याचा वर्ख असलेल्या कोरीव वेद्यांवर भक्तिभावाने ऑइलपेंट फासला गेला आहे. तोही आमच्या हिरव्या रंगाचाच भाऊ.

यशया संदेष्ट्याने तलवारींचे नांगराचे फाळ होतील असा काळ पाहिला, हे सर्वांना पाठ आहे. योएलच्या ग्रंथात याच्या उलट आज्ञा आहे, हे फारसे कुणी लक्षात ठेवत नाही. तिथे फाळ मोडून तलवारी करायच्या आहेत. या दोन्ही बदलांना लोहाराची भट्टी लागते. कुदळीला तीही लागत नाही. सकाळी शेतात राबणारी कुदळ संध्याकाळी युद्धात जाते आणि युद्ध संपले की तशीच शेतात परत येते. ती कुठे जाऊन आली हे सांगायला तिच्यावरच्या खुणांशिवाय दुसरे काही नसते.

काही वर्षांपूर्वी आम्ही त्या धर्मग्रामात गेलो होतो. ते गृहस्थ केव्हाच प्रभुघरी गेले होते. त्यांच्या नातवाने कुदळ बाहेर काढली. त्याच्या परवानगीने आम्ही आमचा हिरवा रंग हळूहळू उतरवला आणि बॅटरी आडवी धरून पाहिले. दांड्याच्या भोकाच्या आतल्या कडेला, जिथे ग्राइंडर पोहोचला नव्हता, तिथे जुन्या रंगाचा नखाएवढा तपकिरी तुकडा निघाला. बाण मात्र निघाला नाही. ग्राइंडरने तिथले लोखंडच नेले होते.

त्या तपकिरी तुकड्यावरून काही ठरत नाही. आम्ही तो तसाच ठेवला, पात्यावर मेणाचा पातळ हात दिला आणि कुदळीसोबत ठेवण्यासाठी एक चिठ्ठी लिहून दिली. घरच्या हकीकतीप्रमाणे ही कुदळ पहिल्या महायुद्धातून आलेली आहे. हिच्यावर बाणाची सरकारी खूण होती. ती खूण साफसफाई करताना अमुक वर्षी आमच्या हातून नष्ट झाली. खाली आम्ही सही केली. नातवाने चिठ्ठी वाचली आणि ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दांड्याला बांधली.